ओसरीवरची सायकल, अंगणातली सायकल

गेल्या आश्विनात तिगावच्या बाजूला जाणे झाले. पांढुर्ण्याहून मुलताईकडे निघालेली गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते, त्या घाटाच्या पायथ्याचे हे गाव. पाऊस नुकताच उघडला होता, नवरात्र चालू होते आणि बागांतील संत्री रंगावर येऊ लागली होती. तिगावपासून थोड्या अंतरावरील एका लहान खेड्यात आमच्या जुन्या परिचयाचे एक शेतकरी घर आहे. त्या घरी आम्ही दोन सायकली पाहिल्या. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

पहिली सायकल ओसरीवर भिंतीशी उभी होती. घरातील दिवंगत आजोबांनी ती १९६२ साली नागपूरहून आणलेली. काळी, उंच दांडीची, देशी बनावटीची. हात लागून लागून दांडीवरचा रंग गेलेला आहे, घंटी बदललेली आहे. परंतु मागचे चाक उचलून पायडल फिरविले, तेव्हा ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिले. दुसरी सायकल अंगणात कुंपणाला टेकवून ठेवलेली होती. घरातील नातीला ती नववीत असताना शाळेतून मिळाली. वाटप होण्यापूर्वी एक पावसाळा ती इतर सायकलींबरोबर एका मैदानात उघड्यावर उभी होती, आणि घरी आल्यावर दुसरा पावसाळा तिने अंगणात काढला. तिच्या हँडलवर तांबूस फोड आले होते, चेनचे सांधे काठीसारखे ताठ झाले होते आणि मडगार्डच्या आतल्या बाजूचा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता.

मुलगी आता दहावीत आहे. गावात नववी-दहावीचे वर्ग नाहीत, त्यामुळे रोज साडेतीन किलोमीटर जावे लागते आणि तेवढेच परत यावे लागते. सायकलने जातेस का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘पायीच जातो जी. सायकल लय जड चालते.’

साठ वर्षांची सायकल चालते आणि दोन वर्षांची चालत नाही, हे कसे? घरच्या मंडळींचे उत्तर तयार होते, ‘पहिलेचं लोखंड ते लोखंड.’ हे उत्तर आपणही अनेकदा देतो. परंतु ते अर्धेच खरे आहे असे आम्हांस वाटते. एक तर जुन्या सायकलींपैकी ज्या गंजल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. आज आपल्यापुढे उभ्या आहेत त्या टिकलेल्या, आणि टिकलेल्यांवरून सगळ्या पिढीचा निवाडा करणे न्यायाचे नव्हे. दुसरे असे की, सायकलीचे आयुष्य कारखान्यात जेवढे ठरते तेवढेच घरात ठरते. ती घरात कोठे उभी राहिली, याचा इतिहास पाहिल्याखेरीज गंजाचा इतिहास पुरा होत नाही.

मध्यप्रांतात सायकल आली ती विलायतेतून, विसाव्या शतकाच्या आरंभी, साहेबाच्या आणि सरकारी खात्यांच्या मागोमाग. छिंदवाडा जिल्ह्याची राजधानी तेव्हा नागपूर. त्याच शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपूर-इटारसी लोहमार्ग पुरा झाला आणि पांढुर्णा, तिगाव ही गावे नागपूरच्या बाजारपेठेशी थेट जोडली गेली. रॅले, हर्क्युलीस, हंबर, बी.एस.ए., फिलिप्स ही नावे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी घोड्यांच्या जातींसारखी असत. सायकल असे पटवाऱ्याकडे, डाकवाल्याकडे, शाळातपासनिसाकडे, वैद्याकडे, एखाद्या सधन पाटलाकडे. आपल्यापैकी पुष्कळ घराणी भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात लेखणी किंवा नांगर धरून स्थिरावलेली. त्यांच्या घरी सायकल आली ती बहुधा अशाच एखाद्या नोकरीच्या निमित्ताने.

त्या काळच्या सायकलीच्या काळ्या रंगालाही एक वंशावळ आहे. इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन या गावी जॉन मार्स्टन नावाचा कारखानदार होता. त्याचा मूळ धंदा पत्र्याच्या तबकांवर, पेट्यांवर काळा चकचकीत लेप चढवून तो भट्टीत भाजण्याचा. १८८७ साली त्याने सायकली करावयास घेतल्या आणि तोच लेप सायकलीच्या सांगाड्यावर चढविला. त्याच्या ‘सनबीम’ सायकलीची चेन एका बंद पेटीत, तेलात बुडून फिरे. म्हणजे त्या काळची उत्तम सायकल ही आरंभापासूनच गंजाच्या विरोधात रचलेली वस्तू होती. पुढे निकेलचा आणि १९२० नंतरच्या दशकाअखेरीस क्रोमियमचा मुलामा आला आणि चकाकणारी रिम व हँडल ही सायकलीची शोभा ठरली.

स्वस्त सायकल ही काही आजची गोष्ट नाही. १९३० नंतरच्या दशकात जपानी सायकली हिंदुस्थानच्या बाजारात विलायती सायकलींपेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळू लागल्या आणि ज्यांना विलायती परवडत नव्हती त्यांनी त्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजधानी भोपाळला गेली, पण सायकल आणावयास माणसे नागपूरलाच जात राहिली. १९६२ ची ती सायकल अशीच आलेली.

येथे कारखान्यांविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सायकल स्वस्त झाली म्हणूनच ती मजुराच्या, दूधवाल्याच्या, माळ्याच्या घरी पोचली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे. विलायती भावाने हे कदापि घडले नसते. म्हणून स्वस्ताईला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. स्वस्ताई कोणत्या जागी बोचते एवढेच पाहावयाचे आहे.

आता ही सायकल घरात कशी राहत असे ते पाहू. महाग वस्तू म्हणून तिला ओसरीवर, आमच्याकडे ज्याला सपरी म्हणतात तेथे, छपराखाली जागा मिळाली. तिच्या देखभालीची विद्या मात्र लोकांना शिकावी लागली नाही, ती त्यांच्यापाशी होतीच. बंडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला आखाला वंगण घालणे, चाकावरची लोखंडी धाव सैल झाली की ती तापवून चढविणे ही कामे अंगवळणी पडलेली होती. बंडीचे वंगण बंडीबरोबरच प्रवास करी. त्याच सवयीने सायकलीच्या हबमध्ये तेलाचे दोन थेंब पडत, चेन रॉकेलने धुतली जाई. गावोगावी सायकल दुकाने निघाली, तासाच्या भाड्याने सायकली मिळू लागल्या, आणि त्या दुकानदारांचे पोटच सायकल टिकण्यावर अवलंबून असल्याने पावसाळ्यानंतर सगळ्या सायकली खोलून, छर्रे धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसविणे हा त्यांचा नेम असे.

या सगळ्याचा वार्षिक दिवस म्हणजे खंडेनवमी. शस्त्रांची आणि अवजारांची पूजा म्हणून आपण ती ओळखतो. परंतु पंचांगातील तिची जागा लक्षात घ्या. ती नेमकी पावसाळा संपताना येते. चार महिने ओलाव्यात काढलेले प्रत्येक लोखंडी हत्यार त्या दिवशी घासले जाई, पुसले जाई, त्याला तेल लागे आणि मगच त्यावर हळदकुंकू चढे. पूजेआधीची ती घासपूस लोखंडाला वर्षभर पुरत असे. सायकल त्या पंक्तीत केव्हा येऊन बसली ते कोणी सांगू शकणार नाही, पण पाटीपुस्तक, विळे, कुऱ्हाडी यांच्या शेजारी तिला झेंडूची माळ घातलेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो; आपल्याला दिसतात ते फोड हे असे येतात. पाणी म्हणजे केवळ पाऊस नव्हे. उघड्या आकाशाखाली ठेवलेले लोखंड रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव बसते. छपराखालचे लोखंड असे थंड होत नाही, म्हणून त्यावर दव क्वचितच पडते. सातपुड्याच्या पायथ्याला कार्तिक-मार्गशीर्षात दव भरपूर. म्हणजे अंगणातली सायकल पावसाळ्यात तर भिजतेच, हिवाळ्यातही रोज पहाटे भिजते. ओसरी पावसापासून वाचविते हे सर्वांना ठाऊक असते. ती दवापासूनही वाचविते, हे सहसा लक्षात येत नाही.

मुलाम्याचेही असेच आहे. आपल्या स्वयंपाकघरातील दोन वस्तू आठवा. जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी ती तेथे लवकर गंजत नाही, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखते. तुपातेलाच्या कथिलाच्या डब्यावर ओरखडा पडला की मात्र नेमका तेथेच तो झपाट्याने गंजतो, कारण कथिल स्वतः झिजत नाही, उलट उघड्या पडलेल्या लोखंडाची झीज वाढविते. सायकलीच्या चकाकत्या रिमचा मुलामा या दुसऱ्या जातीचा. क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. खरे संरक्षण त्याखालच्या निकेलच्या जाड थराचे. किंमत उतरविताना हा आतला थर पातळ केला, तरी दुकानात चकाकी तेवढीच दिसते. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर. रंगाखाली लोखंड नीट धुऊन त्यावर फॉस्फेटचा हात दिला आहे की नाही, हेही असेच बाहेरून न दिसणारे.

संत्र्याच्या मुलखात आणखी एक वैरी आहे. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. मिश्रणात विळा बुडवून त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला असे समजतात. ती लाली चढते तेव्हा तांबे वर बसत असते आणि विळ्याचे लोखंड विरघळत असते. मोरचुदाची पिशवी, खताचे पोते ज्या कॅरियरवरून रोज जाते, त्या कॅरियरचे सांधे आधी जातात याचे कारण हेच.

यावर कोणी म्हणेल की, उघड्यावर राहूनही न गंजलेले लोखंड आपल्याच देशात आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सर्वांना माहीत आहे. आपल्या पवारांच्या धारला त्याहून मोठा लोहस्तंभ होता. भोजराजाच्या नावाशी तो जोडला जातो आणि त्याचे तुकडे लाट मशिदीपाशी आजही पाहावयास मिळतात. जुळविले तर त्यांची लांबी सुमारे १३ मीटर भरते. कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभांचा अभ्यास केला. कोळशाच्या भट्टीत गाळलेल्या त्या लोखंडात स्फुरद अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठावर एक घट्ट, राखण करणारा थर धरतो, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा ‘पहिलेचं लोखंड’ या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. मात्र ते १९६२ च्या सायकलीला लागू नाही. तिचे पोलाद आणि आजचे पोलाद एकाच कुळातले, स्फुरद काढून टाकलेले. कारण स्फुरदाने पोलाद ठिसूळ होते.

स्तंभापासून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. आपल्या आतल्या मुलखातील कोरड्या हवेत, जेथे समुद्राचे मीठ नाही आणि कारखान्यांचा धूर नाही, उघडे पोलाद वर्षाला मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागांइतके झिजते. अनेक टनांच्या स्तंभाला ही झीज कळतही नाही. सायकलीची नळी जाड असली तर तीही पुष्कळ वर्षे निभावून नेते. परंतु हबमधल्या छर्ऱ्यावर एक शतांश मिलिमीटरचा खड्डा पडला की तो छर्रा निकामी झाला. चेनच्या कडीत तेवढाच गंज धरला की कडी वळेनाशी होते. आऱ्याच्या आट्यांत तो शिरला की चाक सरळ करता येत नाही. म्हणजे सायकल सांगाड्यात मरत नाही, ती सांध्यांत मरते. गंज सगळ्यांकडून सारखाच कर वसूल करतो. ज्याच्यापाशी द्यावयास जाडी आहे तो देतो आणि उभा राहतो, ज्याच्यापाशी नाही तो पहिल्या हप्त्यालाच बसतो. पातळ पत्रा, पातळ मुलामा आणि डोक्यावर छप्पर नाही, अशी तिन्ही बाजूंनी उणी असलेली सायकल ज्या घरी जाते, त्या घराची स्थितीही बहुधा तशीच असते.

शाळकरी मुलींना सायकली देण्याचा आरंभ तमिळनाडूने २००१-०२ मध्ये केला. मध्य प्रदेशात ही योजना २००४-०५ पासून आली. पुढे ती विस्तारत गेली आणि ज्या गावात पुढचा वर्ग नाही, तेथील मुलामुलींना दुसऱ्या गावी जाण्यासाठी सायकल मिळू लागली. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देऊ केले. बिहारच्या योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत झाली. एखाद्या लोखंडी वस्तूने मुलींच्या शिक्षणाला एवढा हात दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. म्हणूनच ती वस्तू गंजते तेव्हा हळहळ वाटते. दोन चाके गंजली एवढाच तो हिशेब नाही. संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी घरी पोचणे, पावसाच्या दिवसांत शाळा न चुकणे, आणि दहावीनंतर आणखी दूरच्या शाळेत जाण्याचा विचार घरात निघणे, हे सगळे त्या चेनच्या फिरण्यावर अवलंबून असते.

अशा सायकली वाटपापूर्वी महिनोन् महिने मैदानात उभ्या असल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून येत राहिल्या आहेत. खरेदी करताना प्रत्येक सायकलीमागची किंमत पाहिली जाते. ती किती वर्षे चालली, हे पाहण्यासाठी कोणी परत येत नाही. किंमत वर्षांनी भागली, तर स्वस्त कोणती आणि महाग कोणती याचे उत्तर पुष्कळदा उलटे येईल. चेन-कव्हर, जस्ताचा हात दिलेले आरे आणि वाटपापर्यंत एक पत्र्याचे छप्पर, एवढ्याने फार मोठा फरक पडतो.

परंतु सर्व दोष बाहेरच्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या घरी आम्ही विचारले की, ही सायकल ओसरीवर का ठेवीत नाही? ओसरीवर जागा नव्हती. तेथे मोटारसायकल होती, आणि आजोबांची आठवण म्हणून ती जुनी सायकल होती. खंडेनवमी चार दिवसांवर आलेली. मोटारसायकल, पाण्याचे इंजिन, फवारणीचा पंप यांच्या पूजेची तयारी चालू होती. अंगणातल्या सायकलीचे नाव कोणी घेतले नाही. ती कोणी दुष्टाव्याने बाहेर ठेवली नव्हती. फुकट मिळालेली, मुलीची, दोन-चार वर्षांच्या कामाची, म्हणून ती आपोआप अंगणात गेली होती. छपराखालची जागा घरात कशी वाटली जाते, हे कोणी ठरवून ठरवीत नाही. गंज तेवढा ते लिहून ठेवतो.

त्या दुपारी घरधन्याने आणि आम्ही मिळून ती सायकल उताणी केली. चेन उतरवून रॉकेलच्या डब्यात टाकली. दोन्ही हब खोलले. पुढचे छर्रे चांगले निघाले, मागच्या चाकातील सहा-सात बदलावे लागणार होते. मुलगी शेजारी बसून आटे पुसत होती आणि कोणता नट कोठला ते तिच्याच लक्षात राहत होते. कामाला दोन तास लागले. छर्रे पांढुर्ण्याच्या बाजारातून दुसऱ्या दिवशी आणावयाचे ठरले. संध्याकाळी मोटारसायकल हातभर पुढे सरकली आणि मागे भिंतीशी जागा झाली.

आमच्या मंडळाच्या वाचकांपैकी पुष्कळांची मूळ गावे याच पट्ट्यात आहेत आणि दसऱ्याच्या आसपास तेथे जाणे होते. तेथील शाळेला काही द्यावे असे मनात असेल, तर पुस्तकांच्या कपाटाबरोबर सायकलींसाठी चार खांबांवरच्या पत्र्याच्या छपराचाही विचार करावा. आणि घरी खंडेनवमीची पूजा मांडताना अंगणात काय उभे आहे, ते एकदा पाहून घ्यावे.